मागच्या रांगेतील विद्यार्थी
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सव हा कोणत्याही संस्थेच्या जीवनातील आनंदाचा आणि त्याचबरोबर जमाखर्च मांडण्याचा प्रसंग असतो. व्यापारी परंपरेत वाढलेल्या समाजाला हे वेगळे सांगावयास नको. दिवाळीला चोपडापूजन करताना जुनी येणी-देणी जशी डोळ्यांखालून घातली जातात, तशी पन्नास वर्षांच्या कार्याचीही घातली पाहिजेत. विद्येच्या क्षेत्रातील जमेची बाजू सर्वांना ठाऊक आहे. दरवर्षीचा गुणगौरव समारंभ ही तिची ठळक खूण. दहावी-बारावीत उत्तम गुण मिळविणारे, सी. ए. किंवा डॉक्टर झालेले तरुण व्यासपीठावर येतात, त्यांना गौरवचिन्ह मिळते, छायाचित्र निघते आणि ते स्मरणिकेत छापले जाते. हे सर्व उचितच आहे. मात्र त्याच सभागृहाच्या मागच्या रांगेत एक मुलगा बसलेला असतो. धाकट्या बहिणीचा सत्कार पाहण्यासाठी तो आलेला असतो आणि मनापासून टाळ्याही वाजवीत असतो. प्रथम वर्षाच्या दोन विषयांत त्याला एटीकेटी लागलेली आहे आणि ही गोष्ट घरात अजून पुरती सांगितलेली नाही. आजचे व्याख्यान या मुलाविषयी आहे.

हा मुलगा मंदबुद्धी नाही, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. बारावीपर्यंत तो पंचावन्न-साठ टक्क्यांनी उत्तीर्ण होत आलेला असतो. गणिताची धास्ती असल्यामुळे अकरावी वाणिज्य शाखेत त्याने गणिताऐवजी चिटणिसाची कार्यपद्धती, म्हणजे मुलांच्या भाषेत ‘एस. पी.’, हा विषय घेतलेला असतो. गणितातून कायमची सुटका झाली असे त्याला वाटते. पदवीच्या पहिल्याच वर्षी तेच गणित संख्याशास्त्राचा हात धरून पुन्हा दारात उभे राहते. मुंबई विद्यापीठाच्या प्रथम वर्ष वाणिज्यच्या विद्यार्थ्यांना लेखाशास्त्र आणि गणिती व संख्याशास्त्रीय तंत्रे या दोन विषयांनी अनेक वर्षे जेवढे अडविले, तेवढे अन्य कोणत्याही विषयाने क्वचितच अडविले असेल. त्यात शालेय शिक्षण मराठी, गुजराती किंवा हिंदी माध्यमातून झालेले असेल, तर व्याख्यान इंग्रजीत, पुस्तक इंग्रजीत आणि मनातला विचार मात्र मातृभाषेत, अशी तिहेरी ओढाताण सुरू होते. घसारा म्हणजे काय हे ज्याला वडिलांच्या दुकानातील जुन्या वजनकाट्यावरून सहज समजले असते, त्याला ते इंग्रजी व्याख्येतून समजत नाही. तो व्याख्या पाठ करतो आणि उदाहरण आले की थबकतो.

एटीकेटी ही राहिलेल्या विषयांसह पुढच्या वर्गात बसण्याची मुभा आहे. मुभा दयाळू आहे, पण तिचा स्वभाव उधारीच्या खात्यासारखा आहे. पहिल्या सत्रातील दोन विषय दुसऱ्या सत्राच्या विषयांबरोबर द्यावे लागतात, त्यांतील एखादा पुन्हा राहतो, नवा एखादा त्यात मिळतो आणि तिसऱ्या वर्षी मुलगा जुन्या-नव्या पेपरांच्या वेळापत्रकातच अडकून पडतो. वर्गातील मित्र पदवी घेऊन नोकरीला लागतात, याचा एक विषय राहिलेला असतो. पुढे कोणी विचारले तर ‘बी.कॉम. केले आहे’ असे तो सांगतो. ‘झालो आहे’ असे सांगत नाही. या एका क्रियापदातील फरकाखाली किती कुटुंबांची काळजी दडलेली असते, हे विवाह जुळविणाऱ्या ज्येष्ठांना चांगले ठाऊक असावे.

वसई-विरारच्या परिस्थितीचाही येथे विचार केला पाहिजे. वसई रोडचे अण्णासाहेब वर्तक महाविद्यालय १९७१ मध्ये सुरू झाले, वसईचे संत गोन्सालो गार्सिया महाविद्यालय १९८४ मध्ये. त्यानंतर विरार-नालासोपाऱ्याकडेही महाविद्यालये निघाली. चार नगरपालिका एकत्र येऊन २००९ मध्ये महानगरपालिका झाली, २०१४ मध्ये पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. म्हणजे महाविद्यालय घराजवळ आले. अभ्यासाची जागा मात्र आली नाही. नालासोपाऱ्याच्या एका खोली-स्वयंपाकघराच्या घरात पाच माणसे राहतात, दूरदर्शन संच तेथेच, शिवणयंत्र तेथेच आणि अंथरुणेही तेथेच. काही मुले अजूनही मुंबईच्या नामांकित महाविद्यालयांत जातात. विरार ते चर्चगेट सुमारे ६० किलोमीटर. गर्दीच्या लोकलमध्ये उभ्याने केलेल्या या प्रवासानंतर हातात पुस्तक धरण्याचे त्राण किती उरते, हे रोज प्रवास करणाऱ्यांनीच सांगावे. पश्चिम पट्ट्यातील बागायतदारांची मुले पहाटे फुलांच्या, भाजीच्या कामात असतात. पूर्वेकडील मुले वालीव, गोखिवरे, सातिवलीच्या औद्योगिक गाळ्यांत अर्धवेळ काम करतात. आणि समाजातील कितीतरी मुले संध्याकाळी दुकानाच्या गल्ल्यावर बसतात.

या मुलाच्या अपयशाची कारणे समाजात साधारणपणे तीन सांगितली जातात. डोके नाही, लक्ष नाही, किंवा मोबाइलने बिघडविले. जरा धार्मिक वृत्तीच्या घरांत चौथे कारण सांगितले जाते: ज्ञानावरणीय कर्माचा उदय. पहिल्या तीन कारणांत थोडेफार तथ्य असते. चौथ्याचा मात्र नीट विचार झाला पाहिजे, कारण तो शब्द बहुधा विचार थांबविण्यासाठी वापरला जातो आणि शास्त्राचा हेतू नेमका उलट आहे.

ज्ञानावरणीय कर्म ज्ञानाला झाकते, नष्ट करीत नाही. आणि त्याचा क्षयोपशम पुरुषार्थाने होतो, असे शास्त्र सांगते. हे कर्म कशाने बांधले जाते याची जी कारणे तत्त्वार्थसूत्रात दिली आहेत, त्यांत ज्ञानाविषयीचा द्वेष आणि मत्सर यांच्या जोडीला ‘अंतराय’ही आहे. दुसऱ्याच्या ज्ञानप्राप्तीत अडथळा आणणे हा तो अंतराय. मुलाच्या लेखाशास्त्राच्या पेपरच्या आदल्या संध्याकाळी ‘आज माणूस आला नाही, दोन तास दुकानात बस’ असे सांगणाऱ्या पित्याने मुलाच्या ज्ञानावरणीय कर्माची चर्चा करण्यापूर्वी हे प्रकरण पुन्हा एकदा वाचावे, एवढे नम्रपणे सुचवावेसे वाटते. ज्ञानपंचमीला पुस्तकांची पूजा होते, वासक्षेप होतो, लेखणी-वह्या मांडल्या जातात. ज्याच्यासाठी ही पुस्तके आहेत त्या मुलाला बसावयास घरात एक कोपरा आहे काय, हे पाहणे त्या पूजेहून वेगळे नाही.

माषतुष मुनींची कथा व्याख्यानांतून अनेकदा ऐकली जाते. त्यांना काही केल्या पाठ होईना. गुरूंनी त्यांना मोठा पाठ न देता, रोष करू नये व तोषही करू नये एवढ्याच अर्थाचे चार शब्द दिले. घोकता घोकता तेही बिघडले आणि ‘माषतुष’ एवढेच तोंडी उरले. लोक हसले, तेच त्यांचे नाव पडले. परंतु बारा वर्षे त्यांनी ते सोडले नाही आणि अखेरीस त्यांना केवलज्ञान झाले. दिगंबर परंपरेत शिवभूती मुनींची कथा याच वळणाची आहे. या कथेचे तात्पर्य चिकाटी असे सांगितले जाते आणि ते खरेच आहे. पण कथेत आणखी एक व्यक्ती आहे, तिच्याकडे फारसे लक्ष जात नाही. ती म्हणजे गुरू. त्यांनी शिष्याला हाकलले नाही, त्याची तुलना इतर शिष्यांशी केली नाही. त्याला पेलेल एवढा पाठ दिला. महाविद्यालयीन मुलाजवळ बारा वर्षे नसतात. एका सत्रात प्रत्यक्ष अध्यापनाचे दिवस सुमारे ९० धरले जातात. म्हणून येथे शिष्याच्या चिकाटीइतकेच, किंबहुना अधिक, त्या गुरूच्या समयसूचकतेला महत्त्व आहे.

मुलगा अभ्यास करीत नाही म्हणून मागे पडतो, असा सर्वसाधारण समज आहे. बऱ्याच वेळा तो अभ्यास करतो. तो चुकीच्या रीतीने करतो. त्याची रीत अशी असते: झेरॉक्सच्या दुकानातून टिपणे आणावयाची, रंगीत पेनाने ओळी अधोरेखित करावयाच्या, तीच पाने चार वेळा वाचावयाची आणि परीक्षेच्या आदल्या आठवड्यात अपेक्षित प्रश्नांचा संच मिळवावयाचा. चौथ्या वाचनात सर्व ओळखीचे वाटू लागते आणि ओळखीचे वाटणे म्हणजेच येणे, असा भ्रम होतो. अमेरिकेतील सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग या संदर्भात पाहण्यासारखे आहेत. विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो पुन्हा पुन्हा वाचला. काहींनी तो वाचून बाजूला ठेवला आणि आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. परीक्षा पाच मिनिटांनी होत नाही, हे येथे लक्षात घ्यावे.

जैन पाठशाळेत शिकलेल्या कोणालाही या निष्कर्षाचे नवल वाटू नये. पाठशाळेत गाथा ‘वाचली’ जात नाही, ती ‘दिली’ जाते. बालक घरी पाठ करून येते, पुस्तक मिटते, गुरुजींसमोर उभे राहून म्हणते. अडले तर गुरुजी एक शब्द सुचवितात. दुसऱ्या दिवशी नव्या गाथेआधी जुनी पुन्हा म्हणावी लागते. याच पद्धतीने आठ-दहा वर्षांच्या मुली पन्नास गाथांचे वंदित्तु सूत्र मुखोद्गत करतात, भक्तामर म्हणतात. तीच मुलगी महाविद्यालयात गेली की ही सर्व पद्धत घरी ठेवून जाते आणि रंगीत पेन हाती घेते. शास्त्रात स्वाध्यायाचे पाच प्रकार सांगितले आहेत: वाचना, पृच्छना, परिवर्तना, अनुप्रेक्षा आणि धर्मकथा, म्हणजे पाठ घेणे, शंका विचारणे, पुन्हा आठवणे, मनन करणे आणि दुसऱ्याला सांगणे. मागे राहिलेल्या मुलाच्या अभ्यासात यांतील पहिला प्रकार तेवढा असतो. पाठशाळेलाही अर्थात एक दोष चिकटलेला आहे. तेथे परिवर्तना भरपूर आणि अनुप्रेक्षा थोडी, असे पुष्कळदा घडते. लेखाशास्त्रात अर्थ न समजता पाठ केलेली नोंद पहिल्याच वेगळ्या उदाहरणात कोलमडते. तेव्हा पद्धत घ्यावी, दोष घेऊ नये.

या पाचांतील सर्वांत कठीण प्रकार आहे पृच्छना. वर्गात शंभरावर मुले असतात. हात वर करून ‘हे समजले नाही’ असे म्हणावयास जे धैर्य लागते, ते उत्तम गुण असणाऱ्याजवळ असते. कारण त्याच्या न समजण्याला कोणी हसत नाही. ज्याला सर्वांत जास्त विचारावयाचे असते तोच सर्वांत कमी विचारतो. न विचारल्यामुळे आज एक गोष्ट कळत नाही, उद्या तिच्यावर आधारलेल्या दोन कळत नाहीत आणि महिन्याभरात तो वर्गात बसणेच सोडतो. वर्ग बुडविणे हा रोग नसून बहुतेक वेळा लक्षण असते.

या एकाकीपणाचा उत्तम अभ्यास कॅलिफोर्नियातील बर्कले विद्यापीठात झाला. युरी ट्राइसमन नावाचे तरुण गणितशिक्षक १९७० च्या दशकात एका प्रश्नाने अस्वस्थ झाले होते. कलनशास्त्राच्या पहिल्या अभ्यासक्रमात कृष्णवर्णीय विद्यार्थी मोठ्या प्रमाणावर नापास होत आणि चिनी वंशाचे विद्यार्थी चांगले गुण मिळवीत. सहकाऱ्यांना कारण विचारले तेव्हा उत्तरे ओळखीचीच मिळाली: मुलांना आस्था नाही, पाया कच्चा आहे, घरून पाठबळ नाही, गरिबी आहे. ट्राइसमन यांनी या उत्तरांवर विसंबून न राहता दोन्ही गटांतील वीस-वीस विद्यार्थ्यांचा सुमारे दीड वर्ष मागोवा घेतला. त्यांच्या खोल्यांपर्यंत जाऊन ते अभ्यास कसा करतात हे पाहिले. सांगितलेले एकही कारण टिकले नाही. कृष्णवर्णीय मुले कष्टाळू होती, त्यांच्या घरच्यांनी फार मोठी आशा त्यांच्यावर ठेवली होती. फरक एवढाच होता की ती एकटी अभ्यास करीत. प्राध्यापकांनी सांगितलेले तास ती प्रामाणिकपणे भरीत, पण आपले उत्तर चुकते कोठे आणि इतरांच्या तुलनेत आपण कोठे आहोत, हे त्यांना परीक्षेच्या निकालापर्यंत कळत नसे. चिनी वंशाची मुले आधी एकट्याने उदाहरणे सोडवीत आणि मग संध्याकाळी एकत्र जमून उत्तरे ताडून पाहत, एकमेकांना जुन्या प्रश्नपत्रिकांतील प्रश्न घालीत.

त्यानंतर ट्राइसमन यांनी जे केले त्यातच खरी शिकवण आहे. त्यांनी ‘कच्च्या विद्यार्थ्यांसाठी पूरक वर्ग’ काढला नाही. त्यांनी एक कार्यशाळा काढली, तिला मानाचे स्थान दिले, मुलांना छोट्या गटांत बसविले आणि वर्गातील उदाहरणांहून अवघड उदाहरणे दिली. मुले एकमेकांशी वाद घालीत ती सोडवू लागली. नापासांचे प्रमाण झपाट्याने उतरले. मागे राहिलेल्या मुलाला सोपे देऊन त्याची कीव करावी लागत नाही. त्याला सोबत देऊन अवघड द्यावे लागते.

महाविद्यालयांच्या मूल्यांकनात ‘संथ गतीने शिकणाऱ्या’ विद्यार्थ्यांसाठी काय केले, असे विचारले जाते. हेतू चांगला आहे. पण सूचनाफलकावर अशा मुलांची यादी लागली की त्या वर्गाला कोणी फिरकत नाही, आणि ते स्वाभाविकही आहे. अठरा वर्षांच्या मुलाला आपल्या मैत्रिणींदेखत त्या खोलीत शिरावयाचे नसते. कॅन्सस सिटी येथील मिसूरी विद्यापीठात डिॲना मार्टिन यांनी १९७३ मध्ये यावर साधी तोड काढली. त्यांनी ‘कच्चे विद्यार्थी’ न निवडता ‘अवघड विषय’ निवडले. ज्या विषयात पुष्कळ मुले अडतात, त्या विषयाच्या वर्गात तोच विषय पूर्वी उत्तम रीतीने उत्तीर्ण झालेला एक वरचा विद्यार्थी पुन्हा बसतो आणि आठवड्यातून काही वेळा सर्वांसाठी खुली बैठक घेतो. हुशार मुलेही येतात, मागे पडलेलीही येतात. कोण कशासाठी आले हे कोणी विचारीत नाही. हा वरचा विद्यार्थी व्याख्यान देत नाही; तो मुलांकडून काढून घेतो. ही पद्धत पुढे अनेक देशांत गेली.

वसई-विरारमध्ये ती आणावयास फार मोठी यंत्रणा लागेल असे नाही. समाजात सी. ए. च्या आर्टिकलशिपमधील मुले-मुली आहेत, तिसऱ्या वर्षाला उत्तम गुण मिळविणारे आहेत. त्यांना व्यासपीठावर बोलावून गौरवचिन्ह दिले जाते. त्याच वेळी त्यांच्याकडून वर्षाला पन्नास तास मागून घेतले, तर गौरवचिन्हाचे वजन वाढेल. शिकविणाऱ्याचाही यात तोटा नाही. पाचव्या प्रकारचा स्वाध्याय त्याच्याच खात्यात जमा होतो.

सर्वांत निकडीचा प्रश्न वेळेचा आहे. आणि वेळेविषयीची जैन परंपरेतील एक हृद्य कथा याच भूमीतील आहे. आजचा नालासोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक. सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा पंडित भगवानलाल इंद्रजी यांना येथेच १८८२ मध्ये सापडला. श्वेतांबर परंपरा सांगते की बारा वर्षांच्या दुष्काळात आचार्य वज्रसेन सोपाऱ्यास आले. जिनदत्त श्रेष्ठीच्या घरी लक्ष मोल देऊन मिळविलेले शेवटचे धान्य शिजत होते आणि त्याची पत्नी ईश्वरी त्यात विष कालविण्याच्या तयारीत होती. उपाशी झुरत मरण्यापेक्षा एकदाच संपावे म्हणून. आचार्यांनी तिला थांबविले. गुरू वज्रस्वामींनी सांगून ठेवलेली खूण त्यांना पटली होती: उद्या सुकाळ होईल. दुसऱ्या दिवशी धान्याने भरलेली जहाजे बंदराला लागली. त्या घरातील चार पुत्रांनी, नागेंद्र, चंद्र, निवृत्ती आणि विद्याधर यांनी, दीक्षा घेतली आणि त्यांच्या नावांनी चार कुले चालली. जहाजे तर येणारच होती. प्रश्न आदल्या दिवसाचा होता. त्या दिवशी घरात कोणीतरी शिरले आणि भांड्यात काय कालविले जात आहे हे पाहिले.

महाविद्यालयांत हा आदला दिवस कोणी पाहत नाही. विद्यापीठाच्या नियमानुसार ७५ टक्के उपस्थिती आवश्यक असते आणि ती न भरणाऱ्यांची यादी सत्र संपत आले की लागते. मग पालकांना बोलावणे, वैद्यकीय प्रमाणपत्रे, माफीपत्रे असा सोहळा होतो. यादी खरी असते, पण ती दंडासाठी केलेली असते. हीच यादी चौथ्या आठवड्यात केली तर ती मदतीची यादी होईल. अटलांटा येथील जॉर्जिया स्टेट विद्यापीठाने २०१२ पासून संगणकाच्या साहाय्याने प्रत्येक विद्यार्थ्यावर असे लक्ष ठेवले. मुख्य विषयाच्या पहिल्याच अभ्यासक्रमात श्रेणी घसरली की मार्गदर्शक त्या मुलाला बोलावून घेतो, वर्ष संपण्याची वाट पाहत नाही. तेथे हजारो विद्यार्थी आहेत म्हणून संगणक लागतो. शे-दीडशे मुलांच्या समाजाला एक नोंदवही आणि दोन समंजस माणसे पुरतील.

त्या माणसांनी काय विचारावयाचे? ‘किती टक्के मिळाले?’ हे नव्हे. तो प्रश्न प्रत्येक लग्नात, प्रत्येक पारण्याला विचारला जातो आणि त्याचे उत्तर मुलाने तयार ठेवलेले असते. ‘या आठवड्यात कोणते प्रकरण समजले नाही? वही दाखव पाहू’ एवढेच विचारावे. वही खोटे बोलत नाही. तिच्यात कोणत्या तारखेनंतर अक्षर बदलले, कोणत्या पानानंतर उदाहरणे अर्धवट राहिली, हे पाच मिनिटांत दिसते. एका चांगल्या हिशेबतपासनिसाला हे कौशल्य नव्याने शिकावे लागणार नाही.

कमावत्या विद्यार्थ्यांचा विचार निराळा करावा लागेल. ‘काम सोड आणि अभ्यास कर’ हा सल्ला ज्यांच्या घरी मुलाच्या पगारावर वीजबिल भरले जाते तेथे निरुपयोगी आहे. येथे कर्मवीर भाऊराव पाटलांचे स्मरण होणे साहजिक आहे. १८८७ मध्ये कुंभोज येथे एका जैन कुटुंबात जन्मलेले भाऊराव कोल्हापूरच्या जैन वसतिगृहात राहून शिकले आणि मॅट्रिकच्या पलीकडे गेले नाहीत. गुणगौरवाच्या आजच्या निकषांवर त्यांना व्यासपीठावर बोलावले गेले नसते. त्यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि १९४७ मध्ये साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयात कमवा व शिका योजना उभी केली. त्या योजनेत श्रम आणि अभ्यास एकाच आवारात, एकाच देखरेखीखाली होते, म्हणून श्रमाने अभ्यास खाल्ला नाही. गाळ्यावर किंवा दुकानात काम करणाऱ्या मुलाच्या बाबतीत ही देखरेखच नसते. समाजातील ज्या बंधूंचे वालीव-सातिवलीला कारखाने आहेत त्यांनी अशा मुलांना परीक्षेपूर्वीचे तीन आठवडे अर्ध्या दिवसाची सूट आणि पूर्ण पगार दिला, तर कोणत्याही शिष्यवृत्तीपेक्षा तो लाभ मोठा ठरेल. त्यासाठी समारंभही करावा लागणार नाही.

सर्वच मुले या उपायांनी सुधारतील, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. काहींची शाखाच चुकलेली असते. वडिलांच्या इच्छेखातर विज्ञान घेतलेल्या मुलाला वेळीच बदलू द्यावे, त्यात कमीपणा नाही. काहींना वाचन-लेखनाचीच अडचण लहानपणापासून असते आणि ती आळस समजून मारली जाते. अशा विशिष्ट अध्ययन अक्षमतांचा २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात समावेश झालेला आहे; तपासणी करून प्रमाणपत्र घेतले तर परीक्षेत सवलती मिळू शकतात. काही मुले मनाने खचलेली असतात. झोप उडाली आहे, बोलणे बंद झाले आहे, जेवण सुटले आहे, अशा मुलाला अभ्यासाचे वेळापत्रक देऊ नये. त्याला विलंब न लावता डॉक्टरांकडे न्यावे. निकालाच्या दिवसांत तर घरातील कोणीतरी त्याच्याजवळ असावे.

राहता राहिला व्यवस्थेचा भाग. न्यासाच्या सभागृहात पर्युषण आणि मोठे महोत्सव सोडले तर कितीतरी सकाळी शांतता असते. तेथे चार-पाच मोठी टेबले ठेवावीत. एकेकट्याचे कप्पे करू नयेत. आजच्या अभ्यासिकांत कप्प्यांचीच फॅशन आहे आणि तिने एकटेपणा अधिकच वाढविला आहे. एका टेबलाला एक अवघड विषय द्यावा. वेळ सकाळची ठेवावी, कारण संध्याकाळी दुकाने असतात आणि चौविहार पाळणाऱ्या घरांतील मुलांना सूर्यास्तापूर्वी परतावे लागते. मुलींच्या पालकांनाही सकाळची वेळ सोयीची वाटेल. जागा साधर्मिकांपुरती न ठेवता शेजारच्या चाळीतील, वाड्यातील मुलांनाही खुली ठेवावी. ज्ञानदानात पंगतीचा भेद नसतो आणि व्यवहारातही गट जितका मिश्र तितका तो अधिक शिकतो. खर्च टेबलांचा, दिव्यांचा, पाण्याचा आणि वरच्या विद्यार्थ्यांच्या प्रवासभाड्याचा. गुणगौरव समारंभाच्या मंडपाला आणि छपाईला जेवढे लागते त्याहून तो अधिक होण्याचे कारण नाही.

नोंदवही मात्र वर्ग सुरू झाल्यापासून चौथ्या आठवड्यातच उघडावी. पहिल्या पानावर नावे टक्केवारीच्या क्रमाने लिहू नयेत. घरपत्त्याच्या क्रमाने लिहावीत, म्हणजे कोणत्या इमारतीतील कोणत्या मुलाकडे कोणी जावयाचे हे ठरविणे सोपे जाईल.